तीट लावलेली भिंत

बारदान गल्लीच्या भिंतीवरची कोंबडी मोर व्हायला लागली, तेव्हा कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. वेण्णापुरात वर्ष-दोन वर्षं बऱ्याच गोष्टींचे मोर होत होते.

पोस्टाजवळच्या भिंतीवर तालमीतले पैलवान काढले होते. त्यांच्या लंगोटांना आधी निळी झाक आली, मग पिसारा फुटला. कोर्टासमोर न्यायदेवता होती. तिच्या हातातला तराजू हळूहळू गोल झाला, त्यावर काटे आले आणि शेवटी तिथे एक भलंमोठं घड्याळ उरलं, कारण कोर्टात आलेला माणूस दुसरं काही बघतच नाही. ते घड्याळ चालत नव्हतं, पण तिथे ते कुणाला खटकलं नाही.

कालिंदी कुंभोजकर या सगळ्याची पगारी साक्षीदार होती. महापालिकेच्या सार्वजनिक कला कक्षात ती लोकसहभाग समन्वयक होती, अर्थात कंत्राटी. कुठल्या भिंतीवर काय काढायचं ते वस्तीतल्या लोकांना विचारणं, त्यांची भांडणं सोडवणं आणि पुढे त्या चित्राचा मोर झाला की लोकांची समजूत घालणं, ही तिची कामं. तिसऱ्या कामाचा उल्लेख नेमणूकपत्रात नव्हता.

त्या दिवशी मात्र ती आपल्याच गल्लीत भिंतीसमोर थबकली. कोपऱ्यातल्या कोंबडीची मान निळी झाली होती आणि शेपटी लांबत जाऊन नलूच्या खांद्याला टेकली होती. नलूचा चेहरा फार वेळा धुतलेल्या लुगड्यासारखा फिका पडला होता.

नलू म्हणजे कालिंदीची धाकटी बहीण. ती गेली त्याला तीन उन्हाळे झाले होते.

भिंतीचं शास्त्र तसं साधं होतं. चलरंग नावाचा एक लेप भिंतीला द्यायचा. त्यात डोळ्याला न दिसणाऱ्या कुप्या असतात. चिमूटभर लेपात लाखभर मावतील. प्रत्येक कुपीत तेल आणि तेलात चार रंगांचे कण. प्रत्येक रंगाच्या कणांवर विजेचा भार वेगळा. लेपाखालच्या तारांच्या जाळीतून योग्य दाब दिला, की हवा तो रंग वर येतो आणि बाकीचे तळाशी बसतात. एकदा वर आलेला रंग वीज काढून घेतली तरी तिथेच राहतो. त्यामुळे अख्खी भिंत कठड्यावरच्या हातभर सौरपट्टीवर चालायची.

दुसरा भाग डोळ्यांचा. भिंतीच्या वरच्या कडेला मोहरीएवढी भिंगं होती. समोरून जाणाऱ्याची नजर कुठे वळली, किती वेळ टेकली आणि डोळ्यातली बाहुली रुंदावली का, एवढंच ती मोजायची. आवडीचं काही दिसलं की माणसाची बाहुली किंचित मोठी होते. तोंडानं खोटं बोलता येतं, बाहुलीनं येत नाही. उजेडाचा परिणाम वजा करून ‘रसिक’ नावाची प्रणाली भिंतीच्या प्रत्येक वीतभर तुकड्याला एक गुण द्यायची. त्याला रसिकांक म्हणत. महिन्यातून एकदा फेरजुळणी व्हायची. जिथे लोकांची नजर रमली तो भाग ठसठशीत होऊन पसरायचा. जिथे रमली नाही तो विरायचा आणि त्याच्या जागी, शहराला इतरत्र जे आवडलंय, त्यातलं काहीतरी शेजारच्या ठसठशीत चित्रात मिसळून यायचं.

शहराला मोर आवडत होता. त्याला कुणाचाच इलाज नव्हता.

योजना आणताना हेतू चांगलाच होता. कुठल्या चौकात कुणाचं चित्र यावरून महापालिकेच्या सभेत खुर्च्या उडायच्या. आता जनतेची नजरच ठरवेल, म्हणजे खुर्च्या शाबूत राहतील, असा विचार होता. खुर्च्या राहिल्याही. वर्षभर भिंत अशी नजरेवर तोलली जायची आणि मार्चअखेर निकाल लागायचा. उत्तीर्ण भिंत उष्णता देऊन कायम केली जायची, म्हणजे कुप्या घट्ट होऊन चित्र आहे तसं गोठायचं. नापास भिंतीला शहराची सामाईक पसंती मिळायची. म्हणजे मोर.

बारदान गल्लीत गोणपाटाची पोती शिवण्याचा धंदा चालतो. तीन वर्षांपूर्वी पारा पन्नासला टेकला आणि गेलेली वीज आठवडाभर आली नाही, तेव्हा नलू महापालिकेच्या दवाखान्यात आरोग्यसेविका होती. तिनं घराघरातली गोणपाटं काढून विहिरीत बुडवली, दारा-खिडक्यांना टांगली, म्हाताऱ्यांना आणि बाळंतिणींना ओल्या गोणपाटात गुंडाळलं. वाळली की पुन्हा बुडवली. स्वतः डोक्यावर गोणपाटाची ओली खोळ घेऊन ती या घरातून त्या घरात फिरत राहिली. गल्लीतलं एकही माणूस दगावलं नाही. वीज आली त्या दुपारी नलू विहिरीच्या कठड्यावर जरा टेकते म्हणाली, ती उठली नाही.

भिंतीवर काय हवं हे विचारायला कालिंदीनं सभा घेतली तेव्हा विचारावं लागलंच नाही. फक्त सगुणाकाकूंनी एक पुरवणी मागणी केली. त्या आठवड्यात त्यांची कोंबडीही ओल्या गोणपाटात जगली होती, तेव्हा तिला कोपऱ्यात का होईना जागा मिळावी. लोकसहभाग म्हणजे लोकांचं ऐकणं, असं कालिंदीच्या नेमणूकपत्रात स्पष्ट लिहिलं होतं. कोंबडी मंजूर झाली.

चेहरा आप्पांनी काढला. आप्पा म्हणजे कालिंदी-नलूचे वडील. अर्ध्या वेण्णापूरच्या दुकानांच्या पाट्या एके काळी त्यांच्या हातच्या होत्या, खाली तिरकस ‘आप्पा पेंटर’ अशी सही. चलरंगाच्या भिंतीवर विद्युत-कुंचल्यानं काढायचं असतं. त्याला रंग लागत नाही की टर्पेंटाईनचा वास नाही. टेकवाल तिथे भिंतीतूनच रंग वर येतो. हा ब्रश आहे की थर्मामीटर, असं आप्पा पूर्ण वेळ कुरकुरत होते. चेहरा पुरा झाला तशी त्यांनी ती वस्तू कालिंदीच्या हातात दिली आणि भिंतीकडे पाठ करून घरी गेले. त्यानंतर त्या भिंतीसमोरून जाताना त्यांच्या चपलेत न चुकता खडा जायचा. खाली बघत, पाय झटकत ते पुढे जायचे.

सभेत सगळ्यांसमोर कालिंदी म्हणाली होती, “भिंत तुमची, चित्र तुमचं. हे कुणी पुसणार नाही.” सरकारी कार्यक्रमात आपण जे बोलतो त्यातलं हे वाक्य नव्हतं. तिला ते खरंच म्हणायचं होतं. आता मार्चअखेरीला सात-आठ महिने उरले होते आणि बहीण तिच्या डोळ्यांदेखत पुसली जात होती.

ती उपायुक्त निंबाळे यांच्याकडे गेली. निंबाळे वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना फक्त आकड्यांसमोर बसलं की बरं वाटायचं. त्यांनी भिंतीचा नजर-नकाशा पडद्यावर उघडला. कोंबडीवर लालभडक ठिपक्यांची गर्दी होती. चेहऱ्याच्या जागी भोक.

“लोकांना चेहरा आवडत नाहीये, मॅडम,” ते सौम्यपणे म्हणाले. “आपल्याला वाईट वाटतं. पण आकडा बोलतो.”

आकडा काय बोलतोय ते ऐकायला कालिंदी दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीसमोरच्या पोत्यांच्या थप्पीवर जाऊन बसली. माणसं येत होती. एकूण एक माणूस थांबत होतं. भिंतीपुढे आलं की चपला काढायच्या, हात जोडायचे आणि डोळे मिटायचे. ओठ हलायचे, मान लवायची. मग डोळे उघडायचे ते थेट कोंबडीवर. काकूंची कोंबडी बघून जरा हसायचं, चपला घालायच्या आणि कामाला लागायचं.

कालिंदी कपाळावर हात मारून घेणार होती, पण समोर आणखी एक जण डोळे मिटून उभा होता आणि तिला ते बरं दिसलं नसतं. ज्याच्यापुढे हात जोडायचे त्याच्यापुढे डोळे मिटायचे, हे आपल्याला कुणी शिकवत नाही. देवळात तासभर रांगेत उभं राहून गाभाऱ्याशी पोचल्यावरही आपण पहिलं काम तेच करतो. ‘रसिक’ बनवणाऱ्यांनी बाहुलीचा सूक्ष्म अभ्यास केला होता. पापणीचा करायचा राहून गेला होता. त्या यंत्राच्या लेखी बारदान गल्लीत नलूइतकं नावडतं कुणीच नव्हतं. कोंबडीपुढे डोळे मिटायची पद्धत अजून पडलेली नाही.

तिनं हे निंबाळे साहेबांना सांगितलं. ते म्हणाले की उपाय सोपा आहे, नागरिकांनी डोळे उघडे ठेवून नमस्कार करावा असं परिपत्रक काढू.

परिपत्रकाची वाट न बघता कालिंदीनं गल्लीत सभा घेतली. लोकांनी मान्य केलं. दुसऱ्या दिवसापासून बारदान गल्ली नलूकडे बघायला लागली. बघायला म्हणजे काय, पोलीस चौकशीत फोटो ओळखायला लावल्यासारखी. हात जोडलेले, डोळे वटारलेले, श्वास रोखलेला. दोघा-तिघांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेही न मिटल्यामुळे.

पुढची फेरजुळणी झाली आणि नलूची हनुवटी गेली.

कारण पूर्वी एका नगरसेवकानं आपल्या वडिलांच्या चित्रासमोर भाड्याची माणसं पाळीनं बघायला उभी केली होती. तेव्हापासून ‘रसिक’ला एक गाळणी बसवली होती. डोळे रोखलेले पण बाहुली ढिम्म, अशी नजर बनावट धरून बाद व्हायची, वर दंड म्हणून आणखी गुण कापले जायचे. कर्तव्य म्हणून बघणं यंत्राला चालत नव्हतं. चेहरा नव्यानं काढूनही उपयोग नव्हता. कुणी बघितला नाही तर तो महिन्यात पुन्हा विरला असता. शिवाय काढणार कोण? आप्पांच्या चपलेत अजून खडा जात होता.

सर्वांत जास्त सगुणाकाकूंनी मनाला लावून घेतलं. रोज भिंतीसमोर उभ्या राहून त्या कोंबडी-मोराकडे बघत. “माझ्या कोंबडीनं पोरीला खाल्लं,” एवढंच म्हणत. कालिंदीनं त्यांना सांगायचा प्रयत्न केला, की कोंबडी नसती तरी चेहऱ्याचा आकडा शून्यच राहिला असता आणि मोर दुसऱ्या कोपऱ्यातून आला असता. काकूंना त्यानं बरं वाटलं नाही.

त्यांनी आपलं निदान केलं. पोरीला दृष्ट लागली. सगळी गल्ली डोळे वटारून बघत होती, लागणारच. एके सकाळी कालिंदी आली तर भिंतीच्या खिळ्याला लिंबू-मिरची लटकत होती, खाली मीठ-मोहरी ओवाळून टाकल्याची खूण होती आणि नलूच्या विरलेल्या उजव्या गालावर काजळाची ही ठसठशीत तीट.

शहर विद्रूपीकरणाच्या नियमाखाली समन्वयकानं काकूंना नोटीस द्यायला हवी होती.

“काकू, दृष्ट नाही हो लागली,” कालिंदी म्हणाली. “उलट आहे. तिच्याकडे कुणी बघतच नाहीये.”

“अख्खी गल्ली बघत होती. मी डोळ्यांनी बघितलं.”

“ते बघणं यंत्र मोजत नाही.”

“मग त्याच्यापेक्षा माझं काजळ बरं,” काकू म्हणाल्या. “ते कुणाला मोजत नाही.”

कालिंदी ओलं फडकं आणायला घरात गेली. फडकं घेऊन परतली तेव्हा भिंतीसमोर पोती वाहणारी एक बाई उभी होती. चपला काढल्या, हात जोडले, पापण्या अर्ध्या उतरल्या आणि तिथेच अडकल्या. हे काय लागलंय पोरीच्या गालाला? बाई एक पाऊल पुढे आली. तीट आहे हे कळल्यावर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमललं. तान्ह्या पोराला बघून उमलतं तसं. ती पुष्कळ वेळ बघत राहिली. मग डोळे मिटले.

कालिंदीनं फडकं पिळून दोरीवर वाळत घातलं.

पुढच्या फेरजुळणीला नलूचा उजवा गाल परत आला. नुसता गाल. बाकी चेहऱ्यावर धुकं आणि त्यात एक टवटवीत गाल, असं ते विचित्रच दिसत होतं. काकूंचं निदान होतं की चेहरा विरला तो फार बघितलं म्हणून. कालिंदीचं निदान होतं की बघितलंच नाही म्हणून. दोन्ही निदानं नेमकी उलटी होती. औषध एकच निघालं.

त्या रात्री झोपण्याआधी कालिंदीनं सगळं पुन्हा मनात मांडून बघितलं. तीट म्हणजे काय? गोंडस चेहऱ्यावर मुद्दाम लावलेला एक डाग, बघणाऱ्याची नजर आधी तिथे जावी म्हणून. नजर कुठे वळेल हे ठरवणारी यंत्रणा आपल्या आयाबायांनी कधीच बसवून ठेवली होती, आणि तिला सौरपट्टीही लागत नव्हती. प्रश्न एकच होता. डाग एका जागी राहिला तर एकच गाल मिळतो. डाग रोज हलला पाहिजे.

सकाळी तिनं गल्लीला योजना सांगितली. रोज एका घराची पाळी. उजाडता कालची तीट पुसायची आणि आज नवी लावायची, चेहऱ्यावर कुठेही. कुणाला आधी सांगायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात भांडणं झाली, तेव्हा कालिंदीला खात्री पटली की लोकसहभाग सुरू झाला. कुणीतरी नाकाच्या शेंड्यावर तीट लावली. नाकाला तीट कोण लावतं, म्हणून काकू त्यांच्या दारात जाऊन बोलून आल्या. एका घरानं मोहरीएवढी लावली, ती दुपारपर्यंत कुणाला सापडेना, तर त्यांनी लावलीच नाही असा आरोप झाला. ज्याला सगळ्यात शेवटी सापडेल त्यानं चहा पाजायचा असं पोती शिवणाऱ्या बायकांनी ठरवलं. कामावर जाताना माणसं एकमेकांना विचारायला लागली, आज कुठंय? कुणी कुणाला सांगायचं नाही. आधी खोळीच्या काठावर शोधायचं, मग कानाच्या पाळीवर, मग भुवयांत. सापडली की तोंडावर हसू यायचं आणि बाहुली रुंदावायची. ‘रसिक’च्या गाळणीला त्यात काहीच खोट सापडेना, कारण खोट नव्हतीच.

नमस्कार चालूच राहिला. पण आता तो तीट सापडल्यानंतर.

शोधता शोधता माणसं बोलायलाही लागली. हनुवटीवर तीट असली की कुणाला आठवायचं की इथं खोक होती तिला, झोक्यावरून पडली होती. ओठाजवळ असली की ती किती शिव्या द्यायची ते निघायचं. औषध घेतलं नाही तर म्हाताऱ्यांनाही सोडायची नाही. देवी बनलेली नलू हळूहळू पुन्हा गल्लीतली पोरगी व्हायला लागली. महिन्यामागून महिना हनुवटी आली, कपाळ आलं, खोळीचा एकेक धागा वर आला. मोर मागे सरकला, पिसारा आखडत गेला आणि कोपऱ्यात मूळची, जरा हिरमुसलेली कोंबडी उरली. काकूंनी तिला माफ केलं.

पाळीतून आप्पांना तेवढं वगळलेलं होतं. आमच्या घरची पाळी मी करीन, असं कालिंदीनं परस्पर सांगितलं होतं. आप्पांनी काही विचारलं नाही.

मार्चअखेरच्या तपासणीला निंबाळे साहेब स्वतः आले. बरोबर दोन अभियंते. साहेबांनी टोपी काढली, हात जोडले, डोळे मिटले, उघडले आणि मागे कुणीतरी बाई दुसरीला दबक्या आवाजात सांगत होती की आज मेलीला फारच अवघड जागी लावलीय. साहेब अभियंत्यांशी बोलता बोलता मधेच थांबू लागले. शेवटी ते बोलायचेच थांबले आणि भिंतीजवळ गेले.

“खोळीच्या आतल्या बाजूला,” ते म्हणाले. “सापडली.” आणि चष्मा पुसत हसले. वरच्या मोहरीएवढ्या भिंगानं तीही नजर मोजली असणार.

बारदान गल्लीचा रसिकांक शहरात पहिला आला होता. मोरांच्याही वर. निंबाळे साहेबांनी दुसऱ्या दिवशी कालिंदीला बोलावून चहा मागवला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. वरून विचारणा झाली होती. हा प्रयोग सगळ्या शहरात राबवायचा होता. प्रत्येक भिंतीवर तीट. तिचा व्यास, काजळाची प्रत आणि तीट लावणारं यंत्र यांच्या निविदा निघणार होत्या. त्यासाठी एक तीट कक्ष स्थापन होणार होता आणि त्याच्या प्रमुखपदी कालिंदी.

“कायम,” साहेब म्हणाले. हा शब्द त्यांनी हळू, जवळजवळ प्रेमानं उच्चारला. “भिंतही कायम आणि तुम्हीही. दोन्हीवर सह्या हव्यात. तुमची, आणि गल्लीची.”

कालिंदी विचार करून सांगते म्हणाली. परत येताना ती पोस्टावरून आली. तिथली भिंत गेल्याच वर्षी कायम झाली होती. गोठायच्या आधी त्या मोरापुढे लोक थांबायचे, या महिन्यात पिसं किती वाढली ते बघायचे. आता मोराच्या चोचीवर शिकवणीच्या वर्गाची जाहिरात होती आणि पायांवर पानाची पिंक. मोराच्या बरोबर समोर उभ्या असलेल्या एका माणसाला तिनं विचारलं, या भिंतीवर कसलं चित्र आहे हो? त्यानं तिच्याकडेच बघितलं आणि म्हणाला, मी इथला नाही. तो समोरच्या दुकानाचा मालक होता.

घरी आप्पा तांदूळ निवडत बसले होते. तिनं सगळं सांगितलं. पद, निविदा, सही.

“करून टाक,” आप्पा म्हणाले. मान वर केली नाही. “एकदाची कायम होऊ दे.”

“का?”

“काळजी मिटेल. कुणी पुसायला नको, कुणी लावायला नको.” त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. “असेल ती भिंतीवर. आपण बघितलं काय आणि न बघितलं काय.”

कालिंदीनं ताट त्यांच्या पुढ्यातून ओढलं.

“म्हणूनच नाही करणार मी सही,” ती म्हणाली. “उद्या आपल्या घराची पाळी आहे. मला कचेरीत लवकर जायचंय. तीट तुम्ही लावायची.”

“माझा हात कापतो.”

“तीट आहे आप्पा. दुकानाची पाटी नाही.”

गल्लीला पटवणं सोपं गेलं नाही. लग्नसराई तोंडावर होती, पाळ्या कोण करणार? एखाद्या दिवशी कुणी विसरलं तर? काकूंना तर कायमच हवं होतं. पोरीला एकदाची सुरक्षित बघून मग मी डोळे मिटीन, असं त्या म्हणाल्या. कालिंदी त्यांना म्हणाली की काकू, डोळे मिटायचं तेवढं सोडून काहीही बोला. मग तिनं सगळ्यांना पोस्टाजवळच्या भिंतीपर्यंत चालवत नेलं. भाषण केलं नाही. जाहिरात, पिंक, मोर. माणसं बघून परत आली. दुसऱ्या दिवशी नकाराच्या ठरावावर पहिला अंगठा काकूंनी उठवला, शाई न मिळाल्यामुळे काजळाचा.

निंबाळे साहेबांनी तो ठराव दोनदा वाचला. कायम नको म्हणणारा माणूस आपल्या सबंध नोकरीत आपण पहिल्यांदाच बघतोय, असं ते म्हणाले. भिंत उत्तीर्ण आहे, कायम करता येत नाही, नापास नाही म्हणून मोरही देता येत नाही. तर तिचं करायचं काय?

“मुदतवाढ द्या,” कालिंदी म्हणाली. “मला दर वर्षी देता तशी.”

साहेबांनी पेन उचललं. मुदतवाढ हा त्यांच्या हातचा मळ होता.

पण हे दोन दिवसांनंतरचं झालं. त्याआधी पाळीचा दिवस उजाडला. आप्पा काजळाची डबी धोतराच्या ओच्यात घालून निघाले. कचेरीत लवकर जायचं असलेली कालिंदी पोत्यांच्या थप्पीआड उभी होती.

भिंत जवळ आली तसा आप्पांच्या चपलेत खडा गेला. ते थांबले, पाय झटकला. मग चपलाच काढून ठेवल्या. कालची तीट शोधल्याशिवाय पुसता येणार नव्हती, आणि बघितल्याशिवाय शोधता येणार नव्हती. ते खाली बघत उभे राहिले. पोती शिवणाऱ्या दोघी-तिघी दारात आल्या आणि काहीतरी काम आठवल्यासारख्या परत आत गेल्या.

मग आप्पांनी मान वर केली.

कालची तीट डाव्या कानाशी होती. ती त्यांनी पहिल्याच नजरेत बघितली असणार, पण ते पुसायला पुढे झाले नाहीत. पाटी रंगवून झाल्यावर चार पावलं मागे सरायची त्यांची जुनी सवय होती; ते चार पावलं मागे सरले. मान एका बाजूला केली. मग दुसऱ्या. ऊन भिंतीवर चढलं तरी ते तिथेच होते. ‘रसिक’ त्या नजरेचं काय करत होता कुणास ठाऊक. खिशातल्या पडद्यावर कालिंदीला ते बघता आलं असतं. तिनं बघितलं नाही.

“कालिंदे,” आप्पा मागे न वळता म्हणाले. “ये बाहेर. पोती शिंकत नसतात.”

ती बाहेर आली.

“हिची डावी भुवई वर असायची,” ते म्हणाले. “थापा मारायला लागली की आणखी वर जायची. मी सरळ काढली. घाईत काढली.” त्यांनी डबी तिच्या हातात दिली. “अजून बदलता येतं ना हिला?”

“येतं. कायम केलेली नाही.”

“मग उभी काय राहिलीस,” आप्पा म्हणाले. डोळे भुवईवरून हलले नव्हते. “तो तुझा बिनवासाचा ब्रश आण.”